चार लाल पट्ट्या

हनीफच्या बॅटच्या मुठीला चार लाल पट्ट्या होत्या. शंभर षटकारांना एक. मी कंपनीचा इलेक्ट्रिशियन, टेप माझ्याकडे. म्हणून पट्ट्या मी चढवायचो आणि टेनिसच्या चेंडूवर टेपही मीच गुंडाळायचो.

त्र्याण्णव साली शारजातल्या पहिल्याच मॅचमध्ये त्याने शंभर धावा ठोकल्या. कंपनीने त्याला हेल्परचा स्टोअरकीपर केला. काम एकच, शुक्रवारी खेळायचं. शहाण्णवला तीनशे षटकार झाले. मग मॅनेजरने शब्द दिला : पाचशे झाले की फोरमन. फोरमनला बायको आणता येत होती. त्याची सायरा गुहागरला त्र्याण्णवपासून वाट बघत होती.

समोरच्या लेबर कॅम्पचा तय्यब हर्णैचा, गोलंदाज. नव्व्याण्णव साली त्याने हनीफच्या दोन बरगड्या मोडल्या. त्या दुपारी आम्ही स्टंप उपटून एकमेकांना मारलं. माझे दोन दात वाळूत गेले. हनीफ विसरला, मी विसरलो नाही.

दोन हजार सालच्या फायनलला मी मासे धरायच्या फेकजाळ्याचे शिशाचे मणी ठोकून पातळ केले आणि चेंडूवर बसवून वरून टेप गुंडाळली. गोलंदाजी करणाऱ्याने आपला चेंडू आणायचा, अशी आमच्याकडे पद्धत होती. तय्यब फलंदाजीला आला आणि आमच्या पोराचा तिसराच चेंडू त्याच्या जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला सीमेवर ऐकू आला. तो रक्त थुंकत बसला. मला बरं वाटलं. चेंडू मी खिशात घातला. उरलेला डाव आमच्या साध्या चेंडूवर झाला, तो शेवटी फुटला.

आमची फलंदाजी आली तेव्हा हनीफचे चारशे अठ्ठ्याण्णव झाले होते. तय्यब जबड्याला फडकं बांधून गोलंदाजीला उभा राहिला. हनीफने त्याचा पहिलाच चेंडू तारेच्या कुंपणापलीकडे, कुत्रे सोडलेल्या यार्डात घातला. चारशे नव्व्याण्णव.

चेंडू हरवला की दुसऱ्या टीमचा घ्यायचा, हा नियम. सगळे माझ्याकडे बघू लागले. खरं सांगितलं असतं तर तय्यबच्या माणसांनी मला तिथेच ठेचलं असतं. चेंडू फुटला म्हणावं तर खिशाला फुगवटा दिसत होता.

हनीफ हसत म्हणाला, "दत्तू, टाक की बॉल. नवरीसारखा लाजतोस काय? यल्ला, चल लवकर."

मी टाकला.

तय्यबने झेलला. हातात दोनदा उडवला. मग माझ्याकडे बघितलं आणि मागे चालत गेला, नेहमीपेक्षा दहा पावलं जास्त.

चेंडू उसळला तो थेट हनीफच्या उजव्या डोळ्यावर. बॅट आधी पडली, मग तो. बोटांमधून रक्त वाहायला लागलं. आमची माणसं स्टंप घेऊन धावली. तय्यब जागचा हलला नाही. त्याने चेंडू उचलून नखांनी टेप फाडली, शिसं सगळ्यांना दाखवलं आणि फडक्याआडून कसंबसं म्हणाला, "हा तुमचा आहे."

मग मला माझ्याच माणसांनी मारलं. डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

डोळा गेला. कंपनीने हनीफचा व्हिसा खलास केला. एअरपोर्टची गाडी यायच्या आधी तो माझ्या खोलीत आला, खाटेवर बसला आणि मुठीवरच्या पट्ट्या नखाने सोडवत राहिला. चौथी निघेना. ती त्याने दातांनी ओढली.

चारही माझ्या तळहातावर ठेवून तो म्हणाला, "तुझ्याच हातच्या आहेत, दत्तू."

बॅट तो घेऊन गेला.