तिसरं अंडं

तिने दुधाची बाटली ओट्सच्या वाडग्यात उपडी केली आणि निम्मीही रिकामी व्हायच्या आत सरळ करून झाकण लावून टाकलं.

“एवढंच?” तो म्हणाला.

“एवढंच.”

“अगं, ओट्स दूध पितात. ओव्हनमध्ये गेले की आणखी पितात. एवढ्याशा दुधात त्यांचा घसाही ओला व्हायचा नाही.”

तिने झाकण आणखी घट्ट पिळलं. बाटली आत ठेवली, फ्रिजचं दार कोपराने लोटलं आणि अंड्यांचा ट्रे पुढे ओढला.

तो टेबलाशी बसला होता, दोन्ही हात समोर ठेवून. हात म्हणजे कोपरापासून खाली बँडेजचे दोन पांढरे गठ्ठे. बोटं आत कुठेतरी होती. रात्री खाजायची म्हणून आहेत हे कळायचं. एका मोठ्या हॉटेलात तो बेकरीचा मुख्य होता. हाताखालची माणसं त्याला मास्तर म्हणत, कारण वजनकाट्याशी उभा राहून तो एकेका ग्रॅमचा जाब विचारायचा. गेल्या महिन्यात उकळत्या साखरेच्या पाकाचं पातेलं कलंडलं आणि बाजूला व्हायचं सोडून त्याने ते दोन्ही हातांनी सावरलं. का सावरलं, हे त्यालाही सांगता येत नव्हतं. कलंडणारं भांडं सावरायचं, एवढंच त्या हातांना ठाऊक होतं. डॉक्टर म्हणाले, कातडी येईल, बोटंही हलतील, घाई मात्र करू नका. ‘घाई करू नका’ ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते.

तिने वाडग्याच्या कडेवर एक अंडं फोडलं. मग दुसरं. मग हात परत ट्रेकडे गेला.

“दोन पुरेत.”

तिसरं अंडं फुटलं.

“तीन? नाश्ता करतेयस की विटा पाडतेयस?”

“मास्तर,” ती न वळता म्हणाली, “चालू गाडीत चालकाशी बोलू नये.”

ती बस चालवायची. ही पाटी दिवसभर तिच्या केबिनमध्ये टांगलेली असायची आणि घरी तिच्या तोंडात. लग्न झाल्यापासून दोघांच्या सकाळी चुकामुकीतच गेल्या होत्या. तो उजाडायच्या आत ओव्हन तापवायला बाहेर पडायचा, ती पहिली फेरी काढायला. तो कापलेल्या केकच्या कडा तोंडात टाकायचा, ती डेपोत उभ्याउभ्या चहा ढोसायची. घरात नाश्ता असा कधी झालाच नव्हता. आता तो घरी बसला, तिने ड्यूटी बदलून जरा उशिराची घेतली, आणि नाश्ता नावाचं प्रकरण घरात शिरलं. त्यावरून रोज खडाजंगी.

खरं भांडण चमच्याचं होतं. ती समोर बसायची, चमचा त्याच्या तोंडाशी न्यायची आणि नकळत स्वतःचंही तोंड उघडायची. लापशी हनुवटीवर ओघळली की चमच्याच्या कडेनेच निपटून परत तोंडात घालायची. पन्नाशीला टेकलेल्या माणसाच्या. दुपारी ती परत येईपर्यंत त्याच्या पोटात कावळे कोकलायला लागलेले असत, म्हणून जेवण तरी तो डोळे मिटून गिळायचा. सकाळचं मात्र जमेना. मग तिने शेजारच्या मावशींना सांगून पाहिलं. मावशी आल्या, त्याच्या गळ्याभोवती टॉवेल बांधला, “आ कर बघू” म्हणाल्या, आणि घासागणिक स्वतःच्या गुडघ्यांची कथा लावली. दुसऱ्या दिवशी त्याने दाराआडूनच सांगितलं, खाऊन झालंय. काहीही झालेलं नव्हतं. काल तर तिचा चमचा पुढे आल्यावर त्याने मान फिरवली, कोपर लागलं आणि बशी खाली गेली. तिने बशी उचलली. फरशी पुसली, गणवेश चढवला आणि गेली.

आज ती उठली तीच केळी सोलत.

तिने केळी कुस्करली, सफरचंद किसणीवर धरलं.

“किसू नकोस!” तो जवळजवळ ओरडलाच. “फोडी कर. फळाचा घास दाताला लागला पाहिजे. किसून त्याचा लगदा होतो.”

“होऊ दे.”

“चॉकलेट तरी नीट काप. मोठे तुकडे ठेव. कापल्यावर आतून वितळलेलं बाहेर यायला हवं, त्यातच सगळी मजा आहे.”

तिने चॉकलेटची वडी फळीवर ठेवली आणि सुरी अशी चालवली की तिचा भुगा झाला. त्यातला अर्धा भुगा त्याच्या अंगावरच उडाल्यासारखं त्याला वाटलं. तो उठला. खुर्ची मागे सरकली. तिच्या शेजारी जाऊन त्याने दोन्ही गठ्ठ्यांच्या मध्ये लाकडी उलथनं पकडलं आणि वाडग्यात खुपसलं. एक वळसा नीट बसला. दुसऱ्या वळशाला उलथनं निसटलं, वाडग्याच्या कडेवर आपटलं आणि ओट्सचा लपका ओट्यावर, तिच्या इस्त्रीच्या शर्टावर आणि तिथून खाली.

दोघंही त्या लपक्याकडे बघत राहिले.

“जळलं मेलं,” तो म्हणाला.

“जळलं नाही, सांडलंय,” ती म्हणाली. तिने ओल्या फडक्याने शर्ट चोळला. चोळता चोळता थांबली. “काल मी एक स्टॉप चुकवला, माहितीये? लोक मागून ओरडतायत, घंटी वाजवतायत, आणि मी चाललेय सरळ. एक म्हातारे आजोबा होते, त्यांना कुठल्या कुठे उतरावं लागलं. साहेबांनी बोलावून घेतलं. घरी सगळं ठीक ना, म्हणाले.”

“काय सांगितलंस?”

“सांगितलं, ठीक आहे.” तिने फडकं पिळलं. “तू इथे उपाशी बसलायस हे डोक्यात घेऊन गाडी नाही चालवता येत मला. बस तिकडे.”

तो बसला. त्याला बरंच काही बोलायचं होतं. मी सांगितलं होतं का गाडी चालवताना माझा विचार कर, असंही एक वाक्य तयार होतं. पण शर्टावरचा ओला डाग बघून ते त्याने गिळलं. सकाळपासून पोटात गेलेलं तेवढंच.

तिने ट्रेमध्ये कागद पसरला, लोणी आणि दालचिनी घातलेलं मिश्रण ओतलं, हाताने दाबून दाबून सपाट केलं. हेही चूक होतं. ओट्स दाबायचे नसतात. तो खिडकीबाहेर बघत राहिला. समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा झटकत होतं.

ट्रे ओव्हनमध्ये गेला. ती कपडे बदलायला आतल्या खोलीत गेली. हळूहळू वास आला. आधी केळ्याचा, मग दालचिनीचा, मग चॉकलेटचा. घड्याळाकडे त्याने कधीच पाहिलं नव्हतं, त्याला नाक पुरायचं. दुधाचा कच्चट वास गेला, कडांना लोणी लागल्याचा खरपूस वास आला, आणि त्याने मान वर केली.

“झालं,” त्याने हाक मारली. “काढ.”

आतून कपाट उघडल्याचा आवाज आला.

“अगं, झालं! आता काढलंस तर मधे मऊ राहील.”

“राहू दे आत.”

“कडा करपतील!”

“करपू देत.”

तो ओव्हनपाशी गेला. दाराची मूठ साधी, खाली ओढायची होती, लहान मूलही उघडेल अशी. पण गरम भांड्याच्या दहा हात लांब राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि दार उघडूनही ट्रे बाहेर कोण काढणार होतं? तो गुडघ्यांवर बसला आणि काचेतून बघत राहिला. कडा सोनेरी होत्या, त्या तांबूस झाल्या. तांबूस होत्या, त्या तपकिरी. आयुष्यभरात त्याने एवढा वेळ कुठलाही ट्रे असा, नुसता बघत, वाया जाऊ दिला नव्हता. त्याच्या हाताखालच्या माणसाने हे केलं असतं तर दिवसभर भांडी घासायला बसवलं असतं.

ती केस बांधत आली, हातमोजे चढवले, त्याला पायाने हलकेच बाजूला सारलं आणि ट्रे काढून खिडकीत ठेवला.

“गरम खायचं असतं ते,” तो म्हणाला.

“निवायला हवं.”

“तुला काही सांगण्यात अर्थ नाही.” तो उठून बाहेरच्या खोलीत गेला आणि सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. तिकडे सुरीचा आवाज येत होता. कर्र, कर्र. कोरड्या पावावर येतो तसा. बेक्ड ओट्स कापताना आवाज येता कामा नये. त्याने डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने तिच्या बुटांचा आवाज दाराशी आला.

“मी निघते. टेबलावर ठेवलंय. मावशींना येऊ नका म्हणून सांगितलंय.”

“येऊ नका? मग मी खाणार कसा?”

दार लागलं होतं.

तो तसाच पडून राहिला. राग आला की भूक मरते म्हणतात त्यात तथ्य नव्हतं. रागाने ती आणखी वखवखली होती. वरून करपलेल्या लोण्याचा वास घरभर भरला होता. शेवटी, निदान किती वाट लावलीये ते तरी बघू, म्हणून तो उठला.

टेबलावर बशी नव्हती, चमचाही नव्हता. कडा नसलेली लाकडी फळी होती, टेबलाच्या अगदी काठाला सारून ठेवलेली. तिच्यावर ओट्सच्या लांब, जाड कांड्या. एकमेकींपासून सुट्या, बोटभर अंतर ठेवून मांडलेल्या, टोकं त्याच्या खुर्चीकडे. शेजारी दुधाचा ग्लास आणि त्यात नळी.

तो खुर्चीत बसला. दोन्ही गठ्ठे फळीवर ठेवले आणि हळूहळू जवळ आणले. मधली कांडी दोन्हींच्या मध्ये आली. त्याने दाबलं. मऊ असती तर तिथेच चुरा झाला असता. फोडी असत्या तर फोडीपाशी तुटली असती. ती तुटली नाही. उचलली गेली. त्याने ती तोंडापर्यंत नेली आणि दाताने टोक तोडलं.

कोरडी होती. कडेला कडवट. त्याने चावलं, पुन्हा घास घेतला, आणि मग चावता चावता थांबला. बँडेजकडे पाहिलं. दोन्ही गठ्ठे उलटेसुलटे करून नीट पाहिले. पांढऱ्या कापडावर चॉकलेटचा एकही डाग नव्हता.

बराच वेळ तो हातातली कांडी तशीच धरून बसला. समोर कुणी नव्हतं. हनुवटीला काही लागलं असेल तर ते पुसायलाही कुणी नव्हतं. त्याने खांद्याने हनुवटी पुसली, नळीने दूध ओढलं, आणि उरलेली कांडी संपवली. मग पुढची. मग तिच्या पुढची. खाताना तो चुका मोजत होता, कुणी विचारलं तर सांगायला, आणि थांबत नव्हता.

फोन वाजला तेव्हा फळी रिकामी होती. फोन नाकाच्या शेंड्याने घ्यायला तो एव्हाना शिकला होता.

“खाल्लंस?” मागे डेपोचा गलका होता. कुणीतरी कुठल्यातरी गाडीचा नंबर ओरडून विचारत होतं.

“कडा करपल्यात.”

“हं.”

“दालचिनी जास्त झालीये. लोणी सगळीकडे फिरलेलं नाही, एकाच कोपऱ्यात जमलंय. मीठ घातलंच नाहीस.”

“हं. आणि?”

त्याने रिकाम्या फळीकडे पाहिलं. तिला फेरीला निघायचं होतं आणि ती वाट बघत होती, एवढं त्याला कळत होतं.

“आणि उद्या मोठ्या ट्रेमध्ये कर,” तो म्हणाला. “एवढं दुपारपर्यंत पुरत नाही.”

पलीकडे कुणीतरी तिला गाडी बाहेर काढायला सांगत होतं, एकदा, दोनदा.

“बरं,” ती म्हणाली. “येते मग.”