आकडा का चढला?

देवाशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझ्या उरलेल्या दोन दाढाही पडोत!

एक वहिनी होती आणि तिचा दीर. दोघांचा धंदा पाण्याच्या टाक्या तपासायचा. जमिनीखालची टाकी रिकामी केली की दोघं शिडीवरून आत उतरायची. दीर हातोडीने भिंत ठोकून बघायचा, वहिनी भेगांचे फोटो काढायची. फ्लॅशशिवाय! ओल्या भिंतीवर फ्लॅश मारला की नुसता पांढराफटक डाग उठतो. झाकणातून तिरका उजेड पडतो ना, त्यात केसाएवढी भेगही लपत नाही.

कॅमेरा मॅन्युअलवर. हाताच्या थरथरीने फोटो हलू नये म्हणून शटरचा वेग तिने पक्का बांधलेला. कमीजास्त उजेडाचं ऑटो आयएसओने बघायचं; उजेड घटला की त्याचा आकडा आपोआप चढायचा आणि फोटो उजळच राहायचा. वर एक्स्पोजर प्रीव्ह्यू चालू. फोटो जसा येणार तसा आधीच दिसायचा.

कामाचा नियम एकच. आत माणूस असेपर्यंत झाकणाच्या कडेला लाल फडकं टांगायचं. ते दिसलं की पंपवाला टाकीला हात लावत नसे.

त्या दुपारी वहिनी चिडली. "भावजी, भिंत लाल येतेय हो फोटोत. तुमच्या फडक्याची झाक पडतेय."

"पडू दे की. लग्नाच्या अल्बमला लावायचेत का?"

"गंजाचा डाग कुठला आणि फडक्याचा कुठला, काय कळणार? पाच मिनिटं काढते."

"वहिनी, नको."

"पाचच मिनिटं हो! घाबरट कुठले."

शिडी चढून तिने फडकं काढलं, कमरेला खोचलं आणि कामाला लागली. दीर डोक्याला बॅटरी बांधून मधल्या भिंतीपलीकडे ठकठक करत होता. पाचाची वीस मिनिटं झाली.

वहिनीचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला. आत सगळं मघासारखंच उजळ. भेग मात्र रवाळ दिसायला लागली, वाळू शिंपडल्यासारखी. कोपऱ्यातला आयएसओचा आकडा मघाशी सोळाशे होता. आता पंचवीस हजार!

आकडा का चढला?

तिने डोळा बाजूला केला. स्वतःचा हात दिसेना. कॅमेरा बिचारा तिला उजेड दाखवत राहिला आणि बाहेर उजेड कधीच संपला होता. झाकण बंद!

"भावजीऽऽ!"

दीर धावत आला आणि शेवाळावरून सपशेल आडवा झाला. डोक्यावरची बॅटरी दगडावर आपटली आणि विझली. त्याच क्षणी घों घों करत पाइपातून पाणी कोसळायला लागलं.

"फोन?"

"दोन्ही वर. पिशवीत."

"शिडी कुठाय?"

कोण सांगणार? काळाकुट्ट अंधार, गार पाणी, आणि पाण्याचा आवाज चारी भिंतींतून येणारा. दिराने तिचा दंड असा धरला की बांगडी पिचली. हे पाणी माझ्यामुळे आलंय, एवढंच वहिनीच्या डोक्यात घुमत होतं.

तिने पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला. बॅटरीचा उजेडही गेलेला, आता तिथेही काळोख. आकडा चढून चढून थकला होता. मग उजेड जास्त वेळ आत यावा म्हणून तिने अंगठ्याने शटर हळू केलं. आणखी हळू. पडद्यावर राखाडी धुरळा उठला आणि त्यात दोन उभ्या रेघा. झाकणाशेजारच्या हवेच्या जाळीतून बोटभर उजेड येत होता, तेवढा कॅमेऱ्याला पुरला.

"सापडली! मला धरून चला. सोडू नका."

पाणी छातीपर्यंत आलं. दोघं शिडी चढली, झाकणावर मुठी आपटल्या. वरून कडी. पंपाच्या घरघरीत कोण ऐकतो!

"वहिनी, मी पोहायला शिकलो नाही हो."

"गप्प बसा. डोळे मिटा."

आता कुठे तिला कमरेच्या बटव्यातला, एरवी न लागणारा फ्लॅश आठवला. तिने तो कॅमेऱ्यावर चढवला, जाळीला टेकवला आणि मारत सुटली. चकाक! चकाक! चकाक!

वर पंपवाल्याने जाळीतून पांढरे लोळ उठताना पाहिले. त्याला वाटलं, मोटारीची वायर जळाली, ठिणग्या उडतायत. त्याने धावत जाऊन मेन स्विच ओढला. पंप थांबला, आणि त्या शांततेत जमिनीखालून बाईमाणसाची किंकाळी आली. तो मटकन खालीच बसला. मग "अहो, उघडा!" ऐकू आलं, तेव्हा कडी काढायला उठला.

वहिनी बाहेर आली, उन्हात बसली आणि हुंदके देत दिराचे पाय धरायला वाकली. दीर म्हणाला, "राहू द्या. आधी तो फोटो दाखवा. भेग नीट आलीय ना?"

बरं, एक कबूल करते. पाणी छातीपर्यंत नव्हतं, गुडघ्यापर्यंतच होतं. ते तेवढं मी पदरचं घातलं. पण अंधारात गुडघाभर पाणी किती खोल असतं, ते वहिनीला विचारा.