‘हे बघा’ म्हणणारे गुरुजी

नोकरीत असताना मी टेलिफोन ऑपरेटर होते. दिवसभर कानात लोकांचे आवाज. त्यामुळे समोरचा खरंच काही सांगतोय की नुसती तोंडाची वाफ दवडतोय, हे मला चटकन कळतं. आमचे हे भूगोलाचे मास्तर. काचबिंदूनं यांची नजर गेली, जिभेची धार मात्र जशीच्या तशी राहिली. अशा घरात राहून आमच्या थोरलीनं वेबसाइट बनवायला शिकायचं ठरवलं. हिंमतच म्हणायची पोरीची.

ती प्रवासाची तिकिटं काढून देणाऱ्या ऑफिसात होती. लोक आपापल्या फोनवर तिकिटं काढायला लागले आणि ऑफिसाला टाळं लागलं. "ज्यानं माझी नोकरी खाल्ली तेच शिकते आता," म्हणाली आणि बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून बसली.

बातमी कळताच माझा भाचा उगवला. घरात त्याला सगळे ‘विमान’ म्हणतात, कारण तो कधी जमिनीवर उतरत नाही. आधी तो विम्याचे कागद विकायचा, मग पाणी शुद्ध करायची यंत्रं, आणि आता म्हणे वेब डेव्हलपमेंटचे क्लास घेत होता.

"ताई, काळजीच सोड," सोफ्यावर ऐसपैस बसत तो म्हणाला. "मी तुला सगळं पाठवतो."

आणि पाठवलंही. व्हिडिओ, पुस्तकं, याद्या, याद्यांच्या याद्या. नळ फुटावा तसा तिचा फोन वाहत होता. यातलं स्वतः काय काय पाहिलंय, असं तिनं विचारलं तर म्हणतो, "अगं, मी पाहायची गरज नाही. लाखो लोकांनी पाहिलंय."

हे आतून म्हणाले, "लाखो लोक लॉटरीची तिकिटंही घेतात."

व्हिडिओ सुरू झाले. हेडफोन लावले की थोरलीचं डोकं दुखतं, म्हणून सगळं मोठ्या आवाजात. हे आपल्या खुर्चीत बसून ऐकायचे. पहिल्या गुरुजींनी "नमस्कार मित्रांनो" म्हणून सुरुवात केली ती स्वतःची कहाणीच लावली. आधी मी कसा गरीब होतो, मग कसा पहाटे उठायला लागलो, आता माझ्याकडे कुठली गाडी आहे. मी भाजी चिरून, फोडणी देऊन बाहेर आले तरी गाडीच चालू होती.

"शिकवायला कधी लागणार हा?" यांनी विचारलं.

"पुढच्या भागात," थोरली म्हणाली.

दुसरा गुरुजी लगेच शिकवायला लागायचा, पण कसा? "आता हे इथे लिहा, मग हे असं करा, आणि बघा, हे असं दिसतंय! आहे की नाही सोप्पं?"

"काय असं दिसतंय?" हे खेकसले. "हे म्हणजे काय? इथे म्हणजे कुठे? मी वर्गात ‘ही नदी इकडून तिकडे जाते’ एवढंच सांगितलं असतं, तर मुलांनी मलाच नदीत ढकललं असतं."

थोरली मात्र त्याचं बघून बघून लिहायची आणि पडद्यावर छान पान तयार व्हायचं. मलाही कौतुक वाटायचं. एक दिवस मी म्हटलं, "आता त्याच्याशिवाय एक करून दाखव." तिनं कोरं पान उघडलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. एक ओळ सुचेना. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आई, मला काहीच येत नाहीये गं. मी नुसती नक्कल करतेय."

मग तिनं शिकणाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटात विचारलं, सुरुवात कशापासून करू? प्रश्न साधा. त्यावर जी जुंपली म्हणता! एक म्हणे ही भाषा शीक, दुसरा म्हणे ती मेली केव्हाच, तिसरा म्हणे तुम्ही दोघं मूर्ख. एकानं विचारलं, या वयात कशाला? एकानं लग्नाचं विचारलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही. उतावीळ नवरे सगळे, गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले. फक्त कुणाला नवरी हवी, कुणाला भांडण.

शेवटी विमान म्हणाला, "ताई, एकटीनं शिकणं तुझ्या आवाक्यातलं नाही. माझ्या क्लासला ये. आधी एक मोफत लेक्चर ऐक. काका-आत्यालाही आण."

क्लास चपलांच्या दुकानावरच्या मजल्यावर होता. जिन्यावर यशस्वी विद्यार्थ्यांचे हसरे फोटो, आत प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर मोठा पडदा. विमान कोट घालून आला. ‘तीन महिन्यांत नोकरी’ असं पडद्यावर झळकलं आणि पोरांचे डोळेही झळकले. मग त्यानं कुठलंसं तयार पान उघडलं. "हे बघा, इथे क्लिक केलं की हे येतं. मागे काय चालतं त्यात आपल्याला पडायचं नाही."

यांनी हात वर केला. मी यांची बाही ओढली, पण उपयोग नव्हता.

"सर," स्वतःच्या बायकोच्या भाच्याला हे म्हणाले, "मला दिसत नाही. तुम्ही काय केलंत ते शब्दांत सांगाल?"

"काका, हे बघायचं शास्त्र आहे. तुमच्यासाठी नाही ते." पोरं हसली.

"बरं. मग मागे काय चालतं, ते तरी सांगा. ते तर या पोरांनाही दिसत नाहीये."

पोरं पुन्हा हसली, पण या वेळी विमानाला. त्याचा चेहरा उतरला. कधी नव्हे ते विमान खाली आलं. मला, खोटं कशाला सांगू, गुदगुल्या झाल्या.

थोरली मात्र आमच्या आधीच जिना उतरली. घरात पाऊल टाकल्याबरोबर फुटली.

"मजा आली ना तुम्हाला दोघांना? हा थापाड्या, तो बडबड्या, तो मूर्ख. बाबा, तुम्ही प्रत्येकाला नावं ठेवलीत. मग चांगलं कुठेय ते सांगा! मला नोकरी नाहीये. मला शिकायचंय. तुमच्या टोमण्यांनी माझं पान तयार होणार नाही."

हे आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मीही पदर झटकून आत गेले, कारण तिच्या ‘दोघांना’मध्ये मी होते.

दुसऱ्या दिवसापासून हे फोन घेऊन गॅलरीत बसायला लागले. यांच्या फोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज आहे, भरधाव बोलणारा. विमानानं पाठवलेला सगळा ढिगारा यांनी थोरलीकडून मागून घेतला आणि एकेक ऐकायला लागले. मध्येच "हट्!" ऐकू यायचं. कधी "अरे गाढवा!" दिवसचे दिवस हेच. एका सकाळी मात्र बराच वेळ शिवी आली नाही, तेव्हा मी घाबरून बाहेर डोकावले. हे मान तिरपी करून ऐकत होते.

"थोरलीला बोलाव," म्हणाले.

ती आली, पण हाताची घडी घालून.

"हे ऐक. फुकट आहे, नुसता मजकूर आहे, एक चित्र नाही. पण कुणीतरी डोकं ठिकाणावर ठेवून लिहिलंय. पान म्हणजे काय, ते ब्राउझरपर्यंत कसं येतं, इथपासून सुरुवात. शब्द वापरण्याआधी त्याचा अर्थ सांगतो. शेवटी म्हणतो, आता हे मोडून पाहा आणि का मोडलं ते लिहा. आणि सोपं आहे असं एकदाही म्हणत नाही. डोळे मिटून मला कळलं, म्हणजे त्याला शिकवता येतंय."

"आणि कंटाळवाणं असलं तर?"

"आहेच कंटाळवाणं. माझे तासही होते. पण मुलांना नकाशा भरता यायचा."

तिनं सुरुवात केली. पहिले काही दिवस ती मलूल होती, कारण पडद्यावर चमचमतं असं काहीच येत नव्हतं. एक मथळा, एक परिच्छेद, बस. पण आता ती कोऱ्या पानासमोर बसली की बोटं हलायची. अडली तर मागचा धडा उघडायची. स्वतःच मोडायची, स्वतःच चडफडायची, स्वतःच दुरुस्त करायची. हे खुर्चीतून प्रश्न विचारायचे, आणि एखाद्याचं उत्तर तिला सांगता आलं नाही तर टोमणा न मारता थांबायचे. यांच्या दृष्टीनं ते उपासासारखं कठीण होतं.

सरावासाठी तिनं पोहण्याच्या तलावाची वेबसाइट घेतली. हे कडेची दोरी धरून पोहतात. पूर्वी फोन केला की वेळ मिळायची. मग सगळं वेबसाइटवर गेलं आणि यांचा फोन ती वाचायचा ती अशी: "बटण. बटण. चित्र. बटण." कुठलं बटण कशाचं, देव जाणे. एकदा यांनी हट्टानं स्वतः बुकिंग केलं आणि नाव लागलं ते बालवर्गात. तिथल्या शिक्षिकेनं यांच्यासाठी तरंगायचा छोटा फुगा आणून ठेवला होता.

थोरलीनं ते पान पहिल्यापासून लिहिलं. प्रत्येक बटणाला नाव, प्रत्येक रकान्याला सूचना. यांनी ऐकत ऐकत बुकिंगचा सराव केला, मोठ्यांच्या वेळेत. मग ती ते घेऊन तलावाच्या व्यवस्थापकाकडे गेली. तो म्हणाला, "आमची वेबसाइट उत्तम आहे. आजवर कुणाची तक्रार नाही."

"तक्रारीचं बटणही वाचता येत नाही," थोरली म्हणाली.

त्यानं तोंड वाकडं केलं, पण ती वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीला कळवलं. कंपनीतल्या बाईंचा फोन आला, आधी जरा रागातच. थोरलीनं काय चुकलंय ते शांतपणे सांगितलं. बाई ऐकत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "उद्या ऑफिसला येता का?"

तिथे तिला एक मोडकं पान दिलं आणि दुरुस्त करायला सांगितलं. अर्धंच जमलं. उरलेलं का जमत नाही, ते मात्र तिला नीट सांगता आलं. तिला घेतलं. सगळ्यात खालच्या खुर्चीवर, पण घेतलं. घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा हे इतकंच म्हणाले, "अर्धं का राहिलं?" आणि मग बराच वेळ तिचा हात धरून बसले.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण महिन्याभरानं मी चपला घ्यायला गेले, तर विमानाच्या जिन्यावर, हसऱ्या फोटोंमध्ये सगळ्यात वर, आमची थोरली! खाली लिहिलेलं: ‘आमची विद्यार्थिनी, आज नामांकित कंपनीत’.

मी तिला फोन केला. ती हसतच सुटली. "जाऊ दे आई, एक लेक्चर ऐकलं होतं ना मी!"

तिनं सोडून दिलं. मी का सोडू? क्लास सुटायची वेळ होती. मी चिठ्ठ्यांवर त्या फुकट धड्यांचा पत्ता लिहिला आणि जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिले. उतरणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात एक चिठ्ठी. "तो वरचा फोटो आहे ना, ती माझी मुलगी. ती या चिठ्ठीतल्या धड्यांवर शिकली."

विमान धावत खाली आला. "आत्या! हे काय चाललंय?"

"पोरांना मदत करतेय रे," मी म्हटलं. "तूही घे एक. पहिल्या धड्यापासून सुरू कर."

त्यानं चिठ्ठी घेतली नाही. पण त्याच्यामागून उतरणाऱ्या एका मुलीनं दोन घेतल्या.