वादी क्रमांक एक

ज्ञानेश्वरनं नाल्याकडचं वावर विकल्याची बातमी गावात पसरली, आणि तिच्या मागोमाग दुसरी आली, की वावरातून जाणारी वाट आता बंद होणार. घेणारा मलकापूरचा होता. त्याला तिथं प्लॉट पाडायचे होते. कुंपणाचे सिमेंटचे खांब ट्रॅक्टरनं येऊन पडलेसुद्धा.

रोहिणखेडच्या अलीकडचं हे छोटं गाव. बौद्ध वस्ती नाल्याच्या एका अंगाला आणि शाळा, अंगणवाडी, दवाखाना, बसथांबा सगळं दुसऱ्या अंगाला. मधून ही वाट. ती सोडली तर नाल्यातून वळसा घालावा लागे, आणि पावसाळ्यात नाल्याला कंबरभर पाणी. महामाया त्याच वस्तीतली, अंगणवाडी सेविका. नवरा वारल्यापासून ती माहेरी आईजवळ राहत होती. वस्तीतली लेकरं तिच्या मागं रांगेनं याच वाटेनं येत.

ती सरळ ज्ञानेश्वरच्या ओट्यावर गेली.

"भाऊ, या वाटेचं कोर्टात ठरलेलं हाय."

"हाव ताई, मले ठाऊक हाय," ज्ञानेश्वर म्हणाला. तो पुंजाजी पाटलांचा नातू, माणूस वाकडा नव्हता. "आमचा आबाजी सांगत जाय, दयारामच्या दाव्यात आपन हरलो म्हनून. पन कागद कुठं हाय? सातबाऱ्यावर वाट नाई, नकाशात नाई. घेनारा म्हनते, कोर्टाचा कागद आना, मी खांब उचलतो."

कागद कुणाकडेच नव्हता. कुणी म्हणे नाल्याच्या पुरात घरासंगं वाहून गेला, कुणी म्हणे वाळवीनं खाल्ला. ग्रामपंचायतीत विचारलं, तहसीलमध्ये विचारलं. सगळीकडे एकच उत्तर: निकालाची नक्कल आणा.

मग महामाया राजूर घाट चढून बुलढाण्याला गेली. तिथं कोर्टात प्रसेनजित नावाचा वकील होता, साखरखेर्ड्याचा. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं.

"नक्कल मिळते ताई," तो म्हणाला. "कोर्टाचा निकाल म्हणजे कोणाच्या घरचा कागद नाही. तो सरकारी दप्तरात राहतो, आणि मागायचा हक्क आहे आपल्याला. पण मागताना नेमकं सांगावं लागतं. दावा कोणत्या साली झाला? नंबर काय? कोण कोणाच्या विरुद्ध?"

"नंबर नाई ठाऊक. मोठा दुष्काळ पडला, त्याच्या पुढच्या सालचा दावा. माय साक्षीले गेली तवा मी तिच्या पोटात होती."

प्रसेनजित हसला. "म्हणजे तुमचं जन्मसाल हेच दाव्याचं साल. नावं सांगा."

"दयाराम तायडे, माहे वडील. विरुद्ध पुंजाजी पाटील."

इतके जुने दावे कॉम्प्युटरवर नव्हते. प्रसेनजितनं शोधासाठी अर्ज लिहून दिला, महामायानं कोर्ट-फीचं तिकीट लावून तो नक्कल विभागात दिला. तिथं राखी नावाच्या बाई होत्या. त्यांनी अर्ज वाचला आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात राखीबाईंनी मान हलवली. "मी त्या सालचं रजिस्टर पाहिलं, त्याच्या आधीचं पाहिलं, नंतरचंही पाहिलं. दयाराम तायडे नावाचा वादी नाही. नाव बरोबर आहे ना?"

"सारं गाव त्याले दयारामचा दावा म्हनते, मॅडम."

"गाव म्हणत असेल. रजिस्टरला जसं लिहिलं तसंच राहतं. घरी एकदा विचारून या."

बसमध्ये महामायाला रडू येत होतं. घाटातली वळणं उतरताना तिला वाटलं, कुणास ठाऊक, दावा खरंच झाला होता का. का गरिबाच्या तोंडी एक गोष्ट झाली, आणि तीच आपण खरी मानून बसलो?

घरी तिची आई तानाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. सत्तरी ओलांडलेली, पाठीत थोडी वाकलेली, पण आवाज अजून खणखणीत. महामायानं पिशवी टाकली आणि झालं ते सांगितलं.

"बाबाच्या नावानं दावाच नाई म्हनते, माय."

तानाबाईनं शेंगा सोलणं थांबवलं नाही. "कसा राहीन? दावा त्याच्या नावाचा नव्हताच."

"मंग कोनाच्या?"

"माह्या."

महामाया खालीच बसली. "तुह्या? मंग आजपावतो बोलली काऊन नाई?"

"कोनं इचारलं?" तानाबाई म्हणाली. "आयक. पुंजाजीनं वाट नांगरली, वर काटेरी बोराट्या टाकल्या. वस्तीतले सारे मानसं खवळले. पन सारेच त्याचे सालदार. तुहा बाप म्हने, मी नाव देलं तं उद्याच्याले मले काहाडून टाकीन, खायचं काय? दुष्काळातून तं आताच उठलो. मी म्हटलं, तू त्याचा सालदार हायेस, मी थोडीच हाय? मंग मी, अन्नपूर्णा अन् चंद्रभागा, आम्ही तिघीनं अंगठे देले. दगड फोडाच्या कामावर हात फुटले होते, अंगठा उमटे ना धड. वकिलाच्या मुनशीनं तीन डाव लावाले लावला."

"अन् लोक मंग बाबाचं नाव काऊन घेतात?"

"निकाल आयकाले तो आला होता संगं. गावात येऊन त्यानं सांगतलं, जितलो म्हनून. लोक म्हनत गेले दयारामचा दावा, मी आयकत गेली. वाट तं भेटली होती ना."

महामाया उठली. मग तिनं प्रसेनजितला फोन लावला. तो पलीकडून जवळजवळ ओरडलाच. "आई हयात आहेत? स्वतः वादी हयात आहे? मग वारसाची काही भानगडच नाही. त्यांना घेऊन या. अर्ज त्यांच्याच सहीनं जाईल."

तानाबाईनं ठेवणीतलं निळं लुगडं काढलं. बस घाटात लागली तेव्हा ती खिडकीतून बाहेर बघत होती. "तवा आम्ही तिघी आदल्या दिवशी निंघालो होतो," ती म्हणाली. "अर्धी वाट पायी, अर्धी एका बैलगाडीत. अन्नपूर्णा साऱ्या रस्त्यानं भाकरीचं गठुडं डोक्यावरून खाली ठेवे ना. म्हने, कोर्टात भूक लागली तं?"

नक्कल विभागात गर्दी होती. नंबर आल्यावर राखीबाईंनी मान वर न करता विचारलं, "अर्जदाराचा दाव्याशी संबंध?"

"दावा माहाच हाय," तानाबाई म्हणाली.

राखीबाईंनी वर पाहिलं. अर्जावरचं साल पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं, आणि शेजारची खुर्ची ओढून पुढं केली. "बसा आजी." आत जाऊन त्या बऱ्याच वेळानं परत आल्या, हाताला धूळ लागलेली. "आहे. तानाबाई दयाराम तायडे व इतर दोन, विरुद्ध पुंजाजी. मी पहिल्या नावाच्याच रांगेत दयाराम शोधत होते."

महामायानं आईचा हात घट्ट धरला.

"एक मात्र सांगते," राखीबाई म्हणाल्या. "साक्षीचे कागद आता नाहीत. मुदत संपली की नियमानं ते नष्ट करतात. निकाल आणि हुकूमनामा मात्र कायम ठेवतात. त्याची नक्कल देते."

तानाबाईचा चेहरा थोडा उतरला. "म्हंजे मी बोलली ते गेलं?"

"निकालात असेल आजी. जज्जसाहेब साक्षीचं सार लिहितात."

नक्कल हातात पडली त्या दिवशी दोघी पुन्हा बुलढाण्यात होत्या. कागदांवर पानोपानी शिक्के, शेवटी सही. निकाल इंग्रजीत टाइप केलेला होता. कोर्टाच्या आवारात लिंबाखालच्या बाकावर प्रसेनजितनं तो मांडीवर घेतला आणि एकेक परिच्छेद मराठीत सांगू लागला. जाणारे-येणारे दोघे-तिघे पक्षकारही थांबून ऐकायला लागले.

"इथं लिहिलंय, प्रतिवादीच्या वकिलानं वादी क्रमांक एकला विचारलं, की वावर तर नांगरलेलं आहे, मग तिथं वाट होती हे कशावरून? त्यावर वादी म्हणाली..." प्रसेनजित थांबला. "तुम्ही काय म्हणाला होता आई? आठवतं?"

"आठवते ना. मी म्हटलं, वावर नांगरलं तरी वाट मऊ नाई होत. कुदळ मारून पाहा."

"तसंच आहे. अगदी तसंच. आणि पुढं ऐका. या उत्तरामुळं कोर्टानं जागा पाहायला कमिशनर नेमला. तो जागेवर गेला. बाकीच्या वावरात कुदळ दांड्यापर्यंत बसली, आणि वादीनं दाखवलेल्या पट्ट्यात ती टणकन उडाली. तसा अहवाल त्यानं दिला." प्रसेनजितनं पान उलटलं. त्याचा आवाज थोडा बदलला. "आणि हे जज्जसाहेबांचं स्वतःचं. वादी क्रमांक एक ही निरक्षर शेतमजूर स्त्री आहे. ती गरोदर असून साक्षीला उभी राहिली, आणि बसण्याची परवानगी दिली असतानाही तिनं उभं राहूनच उत्तरं दिली. उलटतपासात तिचं एकही उत्तर डळमळलं नाही. तिच्या सांगण्यावर अविश्वास ठेवण्याचं कोणतंही कारण या न्यायालयाला दिसत नाही."

ऐकणारे बाकाजवळ सरकले. एका अनोळखी माणसानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"उभी काऊन राह्यली व माय?" महामायानं विचारलं. तिचे डोळे भरले होते.

"पुंजाजी समोर खुर्चीत बसला होता," तानाबाई म्हणाली. "मी खाली बसली असती तं मले त्याच्याकडं मान वर करून पाहा लागलं असतं."

पुढं फार ताणलं नाही. मलकापूरचा माणूस आपल्या वकिलाला नक्कल दाखवून आला आणि दोन दिवसांत खांब उचलले गेले. प्लॉटचा नकाशा नव्यानं काढला, त्यात वाट दाखवली, आणि ग्रामसभेत तो मांडायचं ठरलं. त्या सभेला आजवर कधी जमली नव्हती इतकी वस्ती जमली. महामायानं माईक हातात घेऊन हुकूमनामा वाचला. प्रसेनजितनं मराठीत लिहून दिला होता. "वादी क्रमांक एक, तानाबाई दयाराम तायडे," असं तिनं वाचलं तेव्हा मागून कुजबुज उठली आणि मग एकदम टाळ्या. जुनी माणसं एकमेकांकडे बघत होती.

ज्ञानेश्वर उठून तानाबाईजवळ आला. "मावशी, आमचा आबाजी मरेपावतो एक गोष्ट सांगे. म्हने, माह्या वकिलाची अख्खी फी एका बाईनं पान्यात घातली. मले वाटे, चंद्रभागाबाई असन. तुमी होत्या का ते?"

"हाव," तानाबाई म्हणाली. "मीच होती." एवढंच म्हणाली, पण पाठ जेवढी सरळ होईल तेवढी करून.

सभा संपल्यावर लोक कागद बघायला वस्तीत आले. तानाबाई दारात खाट टाकून बसली होती. हात धुतल्याशिवाय ती कुणाला कागद शिवू देत नव्हती. सगळे गेले तरी धम्मदीप तिथंच उभा होता. पन्नाशीचा, नांदुऱ्याच्या धान्यबाजारात हमाली करणारा. त्याची आई अन्नपूर्णा जाऊन खूप वर्षं झाली होती.

"ताई," तो महामायाला हळूच म्हणाला, "त्याच्यात माह्या मायचं नाव हाय का?"

महामायानं पहिलं पान उघडून बोट ठेवलं. "हे पाह्य. वादी क्रमांक दोन."

धम्मदीपला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तरी तो त्या ओळीवर बराच वेळ वाकून राहिला. मायचा एक फोटोसुद्धा नव्हता त्याच्या घरी.

"मले भेटन का याची नक्कल? माह्या घरी ठेवाले?"

"काऊन नाई भेटनार? तू तिचा वारस हायेस. सोमवारी सुट्टी टाक, संगं जाऊ. नंबर आता आपल्याले ठाऊक हाय."

"अन् चंद्रभागाची पोरगी हाय जळगाव जामोदले," खाटेवरून तानाबाई म्हणाली. "तिलेबी फोन लाव. म्हन, तुह्या मायचं नाव सरकारी दप्तरात हाय, येऊन घेऊन जा."