सांध्यावरची काच

चर्चचा मनोरा हलतोय, असं कंत्राटदार म्हणाला तेव्हा बाबांना जाऊन महिना झाला होता. मला संशय आला तो या वेळेचाच. बाबा असेपर्यंत याला काहीच हलताना दिसलं नव्हतं.

आमच्या चर्चचं मुख्य दालन आधीचं. मनोरा शंभरेक वर्षांनी त्याला भिडवून बांधलेला. दोन्हींचे दगड एकमेकांत गुंफलेले नाहीत. मध्ये जमिनीपासून छतापर्यंत उभा सांधा आहे. चर्चची डागडुजी बाबा बघायचे. त्या सांध्यावर त्यांनी काचेची एक पातळ पट्टी आडवी बसवली होती. मनोरा केसभर सरकला तरी ती तडकणार. ती अखंड होती.

"काच बघितलीत ना?" मी विचारलं.

"बघितली, ताई. मनोऱ्याचं दारही बघितलं. ते आता लागत नाही."

"लाकूड फुगतं."

"दार लोखंडी आहे."

फादर हसले. "टेकूशेठ, तुम्ही धडधाकट माणसालाही कुबड्या विकाल."

गावात त्याला टेकूशेठच म्हणत; दिसेल त्या भिंतीला टेकू लावायचा आणि बिल पाठवायचा.

"म्हणा काहीही," तो म्हणाला. "फक्त रविवारी मुलांना मनोऱ्याखाली बसवू नका."

फादर माझ्याकडे वळले. "तुझ्या बाबांनी मनोरा पक्का आहे म्हणून सांगितलं होतं. तू म्हणशील तसं करू, बाळ."

मला वाटलं, यात पाणी मुरतंय. दाराचं यानेच काहीतरी केलं असणार; काच खोटं बोलणार नाही. भिंतीला शिडी लावून मी वर चढले. काच तीच होती, अखंड. कोपऱ्यात बाबांनी कोरलेली तारीख होती, दोन वर्षांपूर्वीची, दालनाला, सांध्यावरूनही, नवा गिलावा झाला त्यानंतरची. टोकं पक्की आहेत हे दाखवायला मी किल्लीने काचेशेजारी ठोकलं.

रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. पलीकडेही तसाच. तळवा टेकला तर काचेसकट गिलाव्याचा अख्खा पापुद्रा आत दबला. दगडापासून तो केव्हाच सुटला होता.

आधी गिलावा फोडायचा, दगड उघडा करायचा, मग काच. हे मी बाबांकडूनच ऐकलेलं. पण शेवटच्या दोन वर्षांत त्यांना चहाचा कप धरायलाही दोन्ही हात लागायचे. छिन्नी कुठून उचलणार? त्यांनी कुणाला बोलावलं नाही. काच नुसती गिलाव्यावर चिकटवली आणि मनोरा पक्का आहे म्हणून सांगितलं.

मी खाली उतरले.

"मनोरा बंद करा, फादर. मुलांना आत वेदीकडे बसवा."

"पण तुझे बाबा तर..."

"बाबांनी काच गिलाव्यावर बसवली. मनोरा सरकला तरी ती तडकली नसती."

आता टोमणा येणार म्हणून मी कंत्राटदाराकडे पाहिलं. तो शिडी चढला, बोटाच्या पेराने गिलावा दोनदा वाजवला आणि तिथेच थांबला.

"ही काच काढू?" त्याने वरूनच विचारलं.

"राहू द्या. मी काढते," मी म्हणाले.