दोघींत एक

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. पाठीवर घ्यायची, दोन रुंद पट्ट्यांची. सध्या माझा मुक्काम कपाटावर असतो. एका बाजूला कापूस निघालेली उशी, दुसऱ्या बाजूला फुटकी बादली, असा शेजार आहे. माझा स्वभाव कुरकुरा आहे. घरातले कोणी चाकांची चकचकीत बॅग घडघड ओढत निघाले, की मी वरून नाक मुरडते. पण आज कुरकुर करायला बोलत नाही. परक्या देशात, थोडक्या पैशांत, पाठीवर संसार घेऊन कसे हिंडायचे हे मला चांगले ठाऊक आहे, आणि तुमच्यापैकी कोणी ना कोणी उद्या असे निघणारच. म्हणून सांगते. सांगताना सूर जड होईल, त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म पत्र्याच्या छपराखालच्या एका कारखान्यात झाला. तिथे तंबू, ताडपत्र्या आणि माझ्यासारख्या सॅका शिवत. मला शिवणाऱ्या बाईंच्या बोटाला सुई लागल्याचे तीन काळे ठिपके होते. पट्टा जिथे पाठीला जोडतात तिथे बाकीच्या बायका एक चौकट शिवून मोकळ्या होत. या बाई चौकटीच्या आत फुली मारत आणि वर आणखी एक फेरी घेत. मुकादम वैतागून म्हणे, "अहो बाई, इतका दोरा कशाला घालवता?"

"माणूस दमेल, पण हिचा पट्टा नाही तुटायचा," त्या मान वर न करता म्हणत.

माझ्या आयुष्यातला तो पहिला कौतुकाचा शब्द. मी तो जपून ठेवला आहे.

दुकानातून मला दोन बहिणींनी नेले. अगदी सारख्या दोन सॅका त्यांनी घेतल्या, एक थोरलीला आणि एक धाकटीला. मी धाकटीची. थोरलीला सगळेच ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते. ताई टपालखात्यात पार्सलच्या खिडकीवर होती. बावीस वर्षे लोकांची पार्सले तोलून तिचा हातच काटा झाला होता. टोमॅटो असो की चप्पल, हातात घेतली की वजन सांगायची, आणि फारशी चुकायची नाही. धाकटी शाळेत चित्रकला शिकवायची. तिला वजनातले काही कळत नसे, रंगातले सगळे कळे. ताईला लहानपणापासून दमा होता, पण त्याचे कौतुक तिने कधी कोणाला करू दिले नाही. स्वेटरच्या खिशात औषधाचा पंप असे. जिना चढून आली की भिंतीकडे तोंड करून ती तो ओढायची आणि लगेच पुढच्या कामाला लागायची.

ही गोष्ट खिशाखिशात फोन येण्याच्या आधीची आहे. दोघींनी पाच आठवड्यांची रजा काढली होती. निघण्याआधी ताईने सगळे सामान पलंगावर मांडले आणि ताणकाटा काढला. तिचा नियम एकच होता, दोघींत एक. साबण एक, टूथपेस्ट एक, कात्री एक, नकाशा एक, पत्ते लिहिलेली वही एक, औषधांची पिशवी एक.

"दोघी बरोबरच असणार ना?" ती म्हणाली. "मग दोन-दोन कशाला वाहायचं?"

"मी काही बोलले का?" धाकटी म्हणाली. ती ब्रश वेगळे करण्यात गुंग होती.

मग ताईने ते सामान दोन सॅकांत वाटले. कोणाची वस्तू कोणाच्या पाठीवर जाते हे तिने पाहिले नाही, काटा पाहिला. वही, नकाशा आणि छोटा स्टोव्ह तिच्या सॅकमध्ये गेले. ताडपत्री, दोरी आणि औषधांची पिशवी माझ्यात आली. त्या पिशवीत ताईचा जादा पंप होता आणि डॉक्टरांची चिठ्ठीही. दोन्ही सॅका बरोबर साडेआठ किलो भरल्या, तेव्हा ताईने चक्क टाळी वाजवली. मलाही फार अभिमान वाटला. तो अभिमान आठवला की अजून माझी मलाच लाज वाटते.

ताईची बाकीची शिकवण मात्र बावनकशी होती, ती तुम्ही डोळे मिटून घ्या. जड वस्तू पाठीला चिकटवून, मधोमध ठेवायची. तळाशी ठेवली तर सॅक मागे ओढते आणि संध्याकाळपर्यंत खांदे बोलू लागतात. सॅक कधी गच्च भरायची नाही, वाटेत काहीतरी वाढतेच. नवे बूट घालून निघायचे नाही. ताईने ते महिनाभर आधीपासून भाजी आणायला जातानाही घातले होते आणि गल्लीतल्या पोरांनी तिला सोल्जर म्हणून चिडवले होते. पासपोर्ट आणि पैसे अंगावर, कपड्यांच्या आत. मला काय, बसच्या टपावर टाकतात, आणि टपावरची सॅक कोण कुठे उतरवून घेईल याचा नेम नसतो. भाव आधी बोटांनी विचारायचा, मगच वस्तूला हात लावायचा. आणि जेवायचे तिथे, जिथे ट्रकवाले जेवतात. तिथली पातेली दुपारपर्यंत रिकामी होतात, म्हणून अन्न ताजे असते आणि पोटही भरते.

आणखी एक गोष्ट ताई न चुकता करायची. नव्या गावात पोचल्यावर सॅक खोलीत टाकली की पहिल्याच तासात ती लॉजभोवती एक फेरी मारून यायची. कोपऱ्यावर काय आहे, दवाखाना कुठे, स्टँडकडे कसे वळायचे, हे ती पाठ करायची आणि वहीत लॉजचे नाव तिथल्या माणसाकडून तिथल्याच लिपीत लिहून घ्यायची. धाकटी तोवर खाटेवर पाय पसरून चित्र काढत बसे. "तू बघून आलीस ना? मग झालं," ती म्हणे. ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. आठ खाटांच्या खोल्यांत इतर प्रवासी मला उचलून पाहत, इतकी हलकी कशी म्हणून हातवारे करत, आणि ताई फुशारून जाई.

चौथ्या आठवड्यात आम्ही एका डोंगराळ गावात पोचलो. पहिल्याच दुपारी दोघी मागची टेकडी चढल्या. वर पोचल्यावर ताईने पंप ओढला, हलवून पाहिला, पुन्हा ओढला. तो संपला होता. "उद्या सकाळी नवा काढते," ती म्हणाली आणि रिकामा पंप परत खिशात टाकला. उतरताना तिला बरे वाटत होते. संध्याकाळी धाकटी एकटीच बाजारात गेली आणि एक जाड लोकरीचे ब्लँकेट घेऊन आली. ते तिने खाटेखाली दडवले. सकाळी ते ताईला दिसले.

"हे काय आहे?"

"ब्लँकेट. रंग बघ ना ताई, असा निळा आपल्याकडे मिळत नाही."

ताईने काटा लावला. "दोन किलो सातशे. परत करून ये."

"नाही करणार."

"मग वाहणार कोण?"

"मी वाहीन! माझ्या पाठीवर. तुला काय त्याचं?"

"दोन दिवसांनी खांदे धरून बसशील आणि अर्धं सामान माझ्याकडे ढकलशील. लहानपणापासून तेच चाललंय तुझं."

धाकटीचा चेहरा लाल झाला. "आणि तुझं काय चाललंय? माणसं म्हणजे पार्सलं नसतात ताई, ऊठसूट काट्याला टांगायला!"

ताईने काटा गुंडाळून सॅकमध्ये टाकला आणि म्हणाली, "असं आहे तर जा एकटी. बघू किती दिवस जमतंय."

"जातेच. यायचं असेल तर पुढच्या गावाच्या स्टँडवर भेट."

धाकटीने ब्लँकेट माझ्यात कोंबले, चेन ओढली आणि मला पाठीवर मारून ती जिना उतरली. मित्रांनो, चालणाऱ्याला पुढचे दिसते आणि पाठीवरच्याला मागचे. मी पाहिले, ताई घाईघाईने खाली येऊन लॉजच्या पायरीवर उभी राहिली. तिचा हात खिशात गेला. बाहेर आला तेव्हा त्यात तो रिकामा पंप होता. मग तिने वर पाहिले, धाकटीकडे नाही, माझ्याकडे. तिने हात उंचावला. तोंड उघडले. पण हाक काही आली नाही. घाईने जिना उतरल्यामुळे दम पुरला नाही की मान आडवा आला, हे मला आजतागायत कळलेले नाही. धाकटीने एकदा मागे वळून पाहिले असते तर! तिने पाहिले नाही. मला सहा खिसे आहेत, चार बकले आहेत, तोंड मात्र नाही. त्या दिवशी मला त्याचे पहिल्यांदा वाईट वाटले.

बस अडीच तासांनी एका ढाब्यासारख्या जागी थांबली. रडून डोळे चुरचुरत होते म्हणून धाकटी तोंड धुवायला नळावर गेली आणि साबणासाठी तिने मला उघडले. साबणाच्या आधी हाताला औषधांची पिशवी लागली. तिच्यात नवा पंप होता, वरचे वेष्टणही न फोडलेले. धाकटीचा हात तसाच थांबला.

"अगं बाई, ताईचा पंप," ती मोठ्याने म्हणाली. आजूबाजूला कोणालाच ते कळले नाही.

परत जाणारी बस दुसऱ्या दिवशी होती. धाकटीला तिथल्या भाषेतले आभार मानायचे आणि पाणी मागायचे असे दोनच शब्द येत होते, बाकी सगळे ताई बोलायची. ती एका ट्रकवाल्यासमोर जाऊन उभी राहिली, छाती धरली, तोंडाने हवा ओढून दाखवली, पंप दाखवला आणि आलेल्या रस्त्याकडे बोट केले. मिशीवाला थोराड माणूस होता. त्याने हातातला चहा तसाच ठेवला, तिला पुढे बसवले आणि ट्रक असा काढला की मी दोनदा सीटवरून खाली पडले. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. अडीच तासांचा रस्ता त्याने पावणेदोन तासांत संपवला.

आणि गावाच्या तोंडाशी चार रस्ते फुटले. ट्रकवाल्याने मान वळवून हातानेच विचारले, कुठे?

धाकटीच्या तोंडचे पाणी पळाले. लॉजचे नाव वहीत होते आणि वही ताईच्या सॅकमध्ये होती. येताना ती ताईच्या मागून, छपरांचे रंग बघत चालली होती. तिला आठवत होता एक पिवळा दरवाजा, आणि त्या गावात निम्मे दरवाजे पिवळे होते. ती या गल्लीत शिरली, त्या गल्लीतून बाहेर आली, लोकांना पंप दाखवू लागली. लोक तिलाच आजारी समजून खुर्ची पुढे करत. मी तिच्या पाठीवर आपटत होते, ब्लँकेटने जड झालेली. तिने मध्येच ते ब्लँकेट ओढून काढले आणि रस्त्याच्या कडेला टाकून दिले. तासभर ती अशी जिवाच्या आकांताने धावत होती. शेवटी टायर दुरुस्तीचे एक दुकान तिला ओळखीचे वाटले, आणि त्याच्या पलीकडे ती पायरी दिसली. पायरीवर कोणी नव्हते.

लॉजवाल्या मावशी दारातच भेटल्या. त्या धाकटीचा हात धरून चालू लागल्या. दवाखाना दोन गल्ल्यांवर होता. आत शिरताच मला ताईचे बूट दिसले. महिनाभर भाजीबाजारात घालून मऊ केलेले ते बूट खाटेखाली कोणीतरी नीट जोडून ठेवले होते. धाकटीने डॉक्टरांपुढे पंप धरला. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी तो हळूच तिच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केले आणि अर्ध्या तासाची खूण केली. आम्हाला अर्धा तास उशीर झाला होता.

तीन दिवसांनी दुभाष्या आला, तेव्हा मावशींचे बोलणे कळले. त्या म्हणाल्या, तुमची ताई बराच वेळ पायरीवर बसली होती. दुपारी तिला धाप लागली. मी दवाखान्यात चल म्हणून ओढत होते, ती हाताने थांब थांब म्हणत होती आणि रस्त्याकडे बोट दाखवत होती. तिला वाटत होतं, तुम्ही येताय.

धाकटीने दुभाष्याला ते पुन्हा सांगायला लावले, आणि पुन्हा एकदा.

त्यानंतर मी कोणाच्या पाठीवर चढले नाही. घरी आल्यावर आईने धाकटीला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि तेच तिला सोसवेना. तिने मला कपाटावर ढकलले. मला आत-बाहेर कुठे कसर लागली, पट्ट्यांवर बुरशी चढली, पण शिवण मात्र उसवली नाही. धाकटीचे केस पांढरे झाले आहेत. शेजारची मुले कधी दूर निघाली की तिला विचारायला येतात, मावशी, काय काय घेऊ? ती त्यांना बुटांचे सांगते, पासपोर्टचे सांगते, ट्रकवाल्यांच्या जेवणाचेही सांगते. पुढचे तिला सांगवत नाही. तिथवर आली की ती चहा टाकायला उठते. म्हणून मित्रांनो, ते मी सांगते आहे.

मला झटकू नका, उन्हात वाळवू नका, माझी कीव करू नका. काटकसर जरूर करा, साबण, कात्री, ताडपत्री दोघांत एक खुशाल न्या. पण ज्याचे औषध त्याच्याच अंगावर असू द्या आणि परतीचा पत्ता प्रत्येकाच्या खिशात. आणि भांडणही होणारच. थकलेली, उपाशी, एकमेकांवाचून दुसरे कोणी नसलेली माणसे भांडतातच. तेव्हा रागाने तोंडाला येईल ते बोला, पाय आपटा, एकटे निघायचे तर निघा. फक्त निघण्याआधी सॅक एकदा खाली ठेवा, चेन उघडा आणि जे दुसऱ्याचे आहे ते त्याच्या हातात द्या. मग हवी तर पाठ फिरवा.