बांधापर्यंत

“आता तरी आत ये की रं, धोंड्या,” पिराजीकाका माझ्या हातातल्या मडक्याला म्हणाले. “किती वर्सं बांधावर हुबा ऱ्हायलास.”

मडक्यात माझ्या वडिलांची, आप्पांची रक्षा होती. घरची बुद्धवंदना आटोपून आम्ही दोघंच चंदगडकडच्या आमच्या शेतात आलो होतो. भात निसवायला, लोंब्या बाहेर पडायला आलं होतं. काका चिखलात उतरले, तरी मी बांधावरच होते, आप्पा थांबायचे तिथंच.

आप्पा कोल्हापुरात भाताच्या रोगांच्या एका प्रयोगशाळेत परिचर होते. करप्याची बुरशी जिवंत ठेवायची, हे त्यांचं काम. काचेच्या नळीत बटाट्याच्या रसाची जेली, तिच्यावर राखाडी कापसासारखी ती वाढायची. फार दिवस नळीतच राहिली, तर भाताला लागायचं विसरते. म्हणून अधूनमधून तिला काचघरातल्या कोवळ्या रोपांवर सोडायचं. पानांवर डोळ्यांच्या आकाराचे ठिपके उमटले की आप्पा म्हणायचे, “आठवलं बघ हिला.” घरी आल्यावर आंघोळ होईपर्यंत ते मला जवळ येऊ द्यायचे नाहीत.

करप्याला दाद न देणारं बियाणं त्यांनीच काकांना आणून दिलं होतं. काही वर्षं ते तगलं. त्र्याण्णवच्या पावसाळ्यात आजी आजारी असल्याचा निरोप आला आणि आप्पा घाईत प्रयोगशाळेतल्याच चपलांवर एसटीत बसले. तसेच या चिखलातून घरी गेले. त्या हंगामात करपा आला, लोंब्या माना मोडून पडल्या.

त्यानंतर आप्पा कधी शेतात उतरले नाहीत. “सायेब आलं,” काका हसायचे. “चिखल लागंल की पायाला!” आप्पा बांधावरूनच पीक बघून परतायचे.

“काका, ते आत का येत नव्हते, माहीत आहे?”

“न्हाय म्हाईत व्हय? नोकरी लागली, मातीची शिसारी आली.”

मी चपलांचं सांगितलं.

काका होते तिथंच थांबले. “खुळा का काय! अगं, करपा वाऱ्यानं बी येतोय. आनी मी कवा म्हणलं, ह्यानं आणला म्हणून?”

“तुम्ही नाही. ते स्वतःलाच म्हणत होते.”

त्या मोडलेल्या लोंब्या आप्पांनी कागदात गुंडाळून जपल्या होत्या. निवृत्त होताना प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञ मॅडमना दिल्या. “माझ्या नळीतली हीच का, तेवढं बघा.” ते दवाखान्यात असताना मॅडम स्वतः उत्तर घेऊन आल्या. बुरशीकडे एक खूण असते, त्या म्हणाल्या. ती ओळखून करप्याला दाद न देणारं हे भात तिला दार लावून घेतं. पण तिच्या जनुकांमध्ये काही उनाड तुकडे असतात, जागा बदलत उड्या मारणारे. लोंब्यांतल्या बुरशीत असाच एक तुकडा नेमका त्या खुणेत जाऊन बसला होता. खूण मोडली, आणि भाताला ती ओळखूच आली नाही. “तुमच्या नळीतलीचं घराणंच वेगळं आहे, धोंडीराम. तुम्ही काही नेलं नाहीत.”

आप्पांनी विचारलं,

“नळीतली बी बदलती न्हवं, मॅडम?”

“बदलते. जिवंत आहे ती. पण लोंब्यांतली ती नाही, हे नक्की.”

आप्पांनी मान हलवली. त्या गेल्यावर मला म्हणाले, “दीप्ती, गावाकडं गेलीस तर पाय धुऊनच शेतात जा.”

काकांनी सगळं ऐकून घेतलं. “मला सांगायचं की त्यानं,” ते म्हणाले. “मी आपला खुशाल सायेब सायेब करत बसलो.”

मी मडकं बांधावर ठेवलं, चपला काढल्या. पाटाच्या पाण्यात पाय बुडवून बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवला. काका बघत होते. मग मागं वळून आले, स्वतःचे पाय धुतले, बांधावर उकिडवे बसले आणि मडकं हातात घेतलं. त्याचा तळ, पोट, काठ, सगळं त्यांनी हळूहळू धुऊन काढलं. खांद्यावरच्या टॉवेलनं पुसलं.

“चल,” ते म्हणाले, आणि त्याला छातीशी धरून भातात उतरले.